मशीन म्हणालं, बने हे

आता त्या मशीनमध्ये माझा आवाज नाही. काम नीट चाललं की ते नुसतं टुण करतं आणि हिरवा दिवा लावतं, बिघडलं की पिवळा. माझा आवाज मीच काढायला लावला. माझ्या हाताखालच्या मुली म्हणतात, सिस्टर, तुमचा आवाज होता तेव्हा धीर यायचा. मी म्हणते, धीर घ्यायला आलात की काम करायला? एवढं बोलून मी तिथून निघते.

मी रायपूरची. आमचं घराणं मूळचं भंडाऱ्याकडचं. वडील रेल्वेत लागले, मालधक्क्यावर त्यांची नोकरी झाली आणि आम्ही इथल्या गुढियारी वस्तीचे झालो ते कायमचे. घरात आमची नागपुरी मराठी, शाळेत हिंदी आणि पाऱ्यात, म्हणजे आमच्या वस्तीत, शेजारपाजाऱ्यांशी छत्तीसगढी. तिन्ही भाषांत मी सारखीच भांडते, असं माझा नवरा म्हणतो. तो इथल्या उरला इंडस्ट्रियल एरियात रोलिंग मिलमध्ये आहे. तिथल्या आवाजाने त्याचे कान निम्मे गेलेत, तरी माझं बोलणं त्याला बरोबर ऐकू येतं.

नर्सिंग शिकून मी इथल्या एका हॉस्पिटलात लागले आणि पहिल्यापासून लेबर रूममध्येच राहिले. बाळ जन्मलं की रडायला हवं. आयुष्यभर माणसाला गप्प बस म्हणणारे सगळे त्या एका क्षणी त्याने रडावं म्हणून जीव टांगणीला लावून उभे असतात. बहुतेक बाळं रडतात. काहींना कोरडं केलं, पाठ चोळली, की रडतात. काही मात्र निळी, लुळी पडून राहतात. त्यांच्या नाकातोंडावर छोटा मास्क धरायचा, त्याला जोडलेला रबरी फुगा दाबायचा आणि छातीत हवा पोचवायची. त्या फुग्याला आम्ही अंबू म्हणतो.

ऐकायला सोपं आहे. पण करताना तसं नसतं. डॉक्टर शेजारच्या टेबलावर बाईचा रक्तस्राव थांबवत असतात. मास्क हनुवटीपाशी एवढासा उचलला जातो आणि सगळी हवा गालावरून निघून जाते. दाबणारीला वाटतं आपण श्वास देतोय, बाळाला काहीच मिळत नाही. शिवाय घाबरलेला हात इतक्या वेगाने दाबतो, जणू सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरायचीय. मी मागे उभी राहून ओरडत असे. मास्क दाब, हळू, मान सरळ कर, छाती बघ, छाती! पाठीमागे मला लाउडस्पीकर म्हणत, ते मला ठाऊक होतं. म्हणोत. पण मी सुट्टीवर असले, किंवा दुसऱ्या टेबलावर असले, की ओरडायला कोणी नसायचं, आणि त्या दिवसांत काय काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी मुलींच्या तोंडावरच दिसायचं.

मग ते मशीन आलं. मशीन म्हणजे फार मोठं काही नाही, काड्यापेटीहून जरा मोठी डबी. ती अंबू आणि मास्क यांच्या मधे बसते. हवा किती गेली, किती गळाली, दाबण्याचा वेग काय, हे तिला कळतं आणि ती बोलून सांगते. पुण्याची एक इंजिनिअर मुलगी ती घेऊन आली. आमच्या डॉक्टर मॅडमची तिच्याशी ओळख होती. डबी ठिकठिकाणी वापरून बघणं चालू होतं. मुलगी गोड होती, पाय जमिनीवर असलेली. आमच्या लेबर रूममध्ये कोपऱ्यात दिवसदिवस उभी राहायची आणि कुणाच्या मधे यायची नाही.

डबीत आधी एका बाईचा गुळगुळीत आवाज होता. "कृपया मास्क की स्थिति की जाँच करें." आमच्या मुली तोंडाला पदर लावून हसल्या. मी म्हटलं, बाळा, या बाईचं कृपया संपेपर्यंत लेकरू निघून जाईल. आणि स्थिती म्हणजे काय, घाबरलेल्या माणसाला कळतं का? घाबरलं की माणूस आपल्या आईच्या भाषेत जातो. आमच्या निम्म्या मुली खेड्यांतून आलेल्या, त्यांच्याशी छत्तीसगढीत बोला.

"मग सिस्टर, तुम्हीच बोला ना," ती म्हणाली.

मला वाटलं थट्टा करतेय. पण दुसऱ्या दिवशी तिने मला चादरींच्या खोलीत नेलं, कारण रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज तिथे कमी येतो, आणि माझ्या तोंडासमोर छोटा माइक धरला. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "मी घरी ऐकून राहिलो तेवढं पुरे नव्हतं काय? आता मशीनमधून बी ओरडशील!" माझी मुलगी म्हणाली, "मम्मी, आप तो सेलिब्रिटी हो गए." ती मराठी समजते सगळी, पण उत्तर हिंदीतच देते. मला आतून फार छान वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

मी थोडेच शब्द बोलले. मास्क दबा. धीरे, धीरे. हवा नइ जात हे, म्हणजे हवा जात नाहीये. मधेच हात थांबला तर, झन रुक, म्हणजे थांबू नको. राहिला तो एकच शब्द, हात बरोबर चालत असेल तेव्हा म्हणायचा. इंजिनिअर मुलगी म्हणाली, शाबाश म्हणा. मी म्हटलं, शाबाश पीटीचे मास्तर म्हणतात. बहुत अच्छा फार लांब. मग मी आपसूक बोलून गेले, "बने हे."

"काय बनतंय?" तिने मराठी कानाने विचारलं. मी हसले. बने म्हणजे बरं, छान, ठीक. इथे सगळ्याला बनेच म्हणतात. भाजी कशी आहे, बने हे. तब्येत, बने हे. पाऊसपाणी, बने हे. रस्त्यात कोणी भेटलं की बने बने, एवढ्यावर विचारपूस संपते. मराठीत आपण बरं आहे म्हणतो ना, तसंच. कोण बरं आहे, काय बरं आहे, ते वेगळं सांगायला लागत नाही, ज्याचं त्याला समजतं. तिने ते दोन शब्द तीनदा रेकॉर्ड केले आणि त्यातला मऊ आवाजातला निवडला. आमच्या सगळ्या मुलींना ऐकवला, सगळ्यांनी मान डोलावली. मॅडमनाही आवडला.

मशीन कामाचं होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. मी सुट्टीवर असताना एका नव्या मुलीने एकटीने एक बाळ परत आणलं. दुसऱ्या दिवशी मी आले तर माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, दीदी, तुम मेरे साथ थे. मीही तिच्याबरोबर रडले, आणि मग तिने केसांना टोपी नीट बांधली नव्हती म्हणून तिला रागावले. माझ्या तोंडाला त्या डबीने आराम दिला होता. मी बोलायची कमी आणि ती बोलायची माझ्या आवाजात, न चिडता. कधी कधी वाटायचं, डबीतली मी माझ्यापेक्षा चांगली बाई आहे.

ती दुपार उन्हाळ्यातली होती. सिलतऱ्याकडची बाई आली, पहिलटकरीण. नवरा तिकडच्या कारखान्यात भट्टीवर, तो कामावरून अजून यायचा होता. बरोबर सासू. कळा आदल्या दिवसापासून होत्या, घरचे वाट बघत राहिले आणि इथे पोचायला उशीर झाला. पोचली तेव्हाच बाळाचे ठोके मंद झाले होते. मॅडम धावत आल्या. बाई मात्र शांत, सोसणारी. कळ आली की डोळे मिटून टेबलाची कड पकडायची आणि गेली की माझ्याकडे बघून कसनुसं हसायची, जणू मलाच त्रास होतोय.

मुलगा झाला. रडला नाही.

मी त्याला घेतलं, पुसलं, पाठ चोळली, तळवे चोळले. अंग लुळंच राहिलं. शेजारीच वॉर्मर, वरून ऊब देणारं टेबल, त्याच्यावर ठेवलं आणि अंबू घेतला. डबी माझ्या आवाजात म्हणाली, हवा नइ जात हे. मी मान सरळ केली, मास्क दाबला. डबी म्हणाली, बने हे. छाती वर आली. पुन्हा, बने हे. पुन्हा. माझे हात इतके नीट कधी चालले नसतील.

मॅडम स्टेथोस्कोप लावून समोर उभ्या होत्या. आमची एक पद्धत आहे. ठोके ऐकणारा तोंडाने मोजत नाही, ठोक्यागणिक हवेत बोट हलवतो. म्हणजे दाबणाऱ्याला मान वर न करता दिसतं. बोट हललं की ठोका आहे. मॅडमचं बोट हळू हलत होतं. मधे जरा वेग आला, मला वाटलं आलं, आलं लेकरू. मग पुन्हा हळू झालं.

तेवढ्यात मधल्या पडद्याच्या पलीकडून बाळाच्या आईने विचारलं, "कइसे हे दीदी?" कसा आहे?

आमच्यातलं कोणीच बोललं नाही. बोलायला कुणाला उसंत होती? मी मास्क धरलेला, मॅडमच्या कानात नळी, तिसरी सिस्टर इंजेक्शन भरत होती. आणि डबी म्हणाली, "बने हे."

"हव," ती म्हणाली. हव म्हणजे हो. एवढंच म्हणाली आणि तिचा श्वास मोकळा झालेला मी ऐकला. पुन्हा तिने विचारलं नाही. डबी दर थोड्या वेळाने सांगतच होती, मऊ आवाजात, माझ्या आवाजात, बने हे, बने हे. दाराबाहेर तिची सासू कुणाला तरी सांगत होती, "सिस्टर ह कहत हे, लइका बने हे." सिस्टर म्हणतेय, मूल छान आहे. ते मला ऐकू येत होतं आणि मी ओरडून थांबवू शकत नव्हते. आयुष्यभर ओरडले मी, नेमकं तेव्हा तोंड उघडलं नाही. माझं सगळं लक्ष मॅडमच्या बोटाकडे होतं.

बोट थांबलं. तरी मी दाबत राहिले. मॅडमनी छातीवर दाब देऊन पाहिला, औषध दिलं, पुन्हा नळी लावली, बोट वर धरलं. ते हललं नाही. बराच वेळ आम्ही तसंच केलं, जेवढा करायचा असतो त्याहून जास्त. मग मॅडमनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मी थांबले. आणि डबीतली मी म्हणाली, "झन रुक. झन रुक."

मी डबी उपसून काढली आणि बंद केली. अजूनही कधी स्वयंपाक करताना ते दोन शब्द कानात येतात आणि मला गॅस बंद करून बसावं लागतं.

मॅडमनी बाळाच्या आईला सांगितलं, हिंदीत, हळू, तिचा हात धरून. तिने मॅडमकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. "दीदी, तुमन त कहे रहेव बने हे." तुम्ही तर म्हणाला होतात, छान आहे. आवाजात राग नव्हता. चुकून दुसऱ्याच कुणाबद्दल सांगितलं जातंय, अशी तिची समजूत होती आणि मी ती चूक आता दुरुस्त करीन याची ती वाट बघत होती. मी नाही म्हणू शकले नाही. आवाज माझाच होता. मी बाळाला कापडात गुंडाळून तिच्या जवळ दिलं. तिने त्याचा चेहरा पाहिला आणि मग तिला समजलं.

सासू मात्र समजून घ्यायला तयार नव्हती, आणि मी तिला दोष देत नाही. तिने तर स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मूल छान होतं, सिस्टर परत परत तसं सांगत होती, मग एकाएकी गेलं कसं? म्हणजे तुम्ही काहीतरी केलंत. किंवा बदललंत. "मोर नाती ल का करेव?" माझ्या नातवाचं काय केलंत, असं ती वॉर्डच्या दारात उभी राहून विचारत होती. संध्याकाळी त्या बाईचा नवरा आला, भट्टीची काळी धूळ अजून मानेवर होती. तो भांडला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला आणि आईचं म्हणणं ऐकून माझ्याकडे असं पाहत राहिला की मलाच वाटलं, आपण खरंच काही केलं की काय.

घरी गेले तर जेवण गेलं नाही. माझा नवरा म्हणाला, "तू काहून रडून राहिली? तुह्या हातानं काही वंगाळ नाही झालं." मी म्हटलं, हातानं नाही झालं, तोंडानं झालं. त्याला ते समजलं नाही. मग मीच चिडले, स्वतःवर नाही, सगळ्यावर. चूक कुणाची आहे यात? शब्द चांगला होता, मशीन चांगलं होतं, माझे हात नीट चालले होते. मग त्या लेकराची आई माझ्याकडे तसं का बघत होती? मला ते सहन होत नव्हतं. काहीही करून तिच्या डोळ्यांतला तो प्रश्न मला पुसून काढायचा होता.

दुसऱ्या दिवशी सासू पाऱ्यातली माणसं घेऊन आली. मॅडम त्यांना समजावत होत्या, की आवाज मशीनचा होता, बाळाबद्दल नव्हता, दाबणाऱ्याच्या हाताबद्दल होता. कुणाला पटत नव्हतं. पटेल कसं? सगळ्यांनाच ती पळवाट वाटत होती. मॅडम मला म्हणाल्या, तू सांग, तुझं ऐकतील. मी बोलण्याच्या भानगडीत पडलेच नाही. कपाटातून शिकवायची रबरी बाहुली काढली, अंबू घेतला, डबी लावली आणि सरळ वॉर्डात बाळाच्या आईच्या पलंगापाशी गेले. ती कुशीवर झोपली होती, भिंतीकडे तोंड करून. सासू माझ्या मागोमाग येऊन पायथ्याशी बसली, तिचा नवरा उभा होता, बाकीची माणसं दारात.

मी बाहुली पलंगावर ठेवली. "ओ मोर हाथ बर कहत रिहिस," मी म्हटलं, ते माझ्या हाताविषयी बोलत होतं. आणि अंबू दाबला.

"बने हे," डबी म्हणाली.

पुन्हा दाबला. "बने हे."

मास्क जरा उचलला. "हवा नइ जात हे." पुन्हा बसवला. "बने हे."

सासूने पुढे होऊन बाहुलीला हात लावला. रबरी गालावर बोट दाबून पाहिलं, डोळे पाहिले, रंगवलेले. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं, ते बंद होतं. "ए त पुतरा ल घलो बने हे कहत हे," ती पुटपुटली. हे तर बाहुलीलाही बने हे म्हणतंय. तिचा राग एकदम उतरला आणि राग उतरल्यावर तिच्यात दुसरं काही उरलंच नाही. ती खाली फरशीवर बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. नवऱ्याने खाली वाकून तिला धरलं. माझ्याकडे पाहून त्याने मान हलवली, पटलं म्हणून. दारातली माणसं एकेक करून निघून गेली. मॅडमनी सुटकेचा श्वास टाकला. मलाही सुटल्यासारखं वाटलं, अगदी स्पष्ट सांगायचं तर फार हलकं वाटलं. मी बाहुली उचलायला वाकले.

तेव्हा पलंगावरची ती आई वळली. सगळा वेळ ती जागी होती. तिने बाहुलीकडे पाहिलं, मग डबीकडे, मग माझ्याकडे. आदल्या दिवशीचा तो प्रश्न डोळ्यांत आता नव्हता, मला हवं होतं तसंच.

"दीदी," ती म्हणाली, "मोर बाबू बर अउ कोनो कुछु नइ कहिन. एकेच ठन गोठ रिहिस. ओहू ल ले डारेव."

माझ्या बाळाबद्दल दुसरं कोणी काहीच बोललं नाही. एकच गोष्ट बोलली गेली होती. तीही तुम्ही घेऊन टाकलीत.

आणि ते खरं होतं. त्याचं नाव ठेवलं गेलं नव्हतं, तो कुणावर गेलाय हे कुणी म्हटलं नव्हतं, नजर लागेल इतका गोड आहे असंही कुणी म्हटलं नव्हतं. त्याच्या सगळ्या आयुष्यात त्याच्याविषयी एकच वाक्य त्याच्या आईने ऐकलं होतं, आणि ते मी तिच्या डोळ्यांदेखत एका रबरी बाहुलीला देऊन दाखवलं होतं.